अर्धे नळाचे, अर्धे बोअरचे

वसई (पश्चिम), १८ नोव्हेंबर २०२४

प्रिय विनया,

विशेषण जुनेच वापरले आहे. हरकत असल्यास खोडून पुढे वाचावे.

'फक्त माशांबद्दल कळवत जा, बाकी काही नको,' असे नाशिकला निघताना तू दारात बजावलेस. फोनवर तू नुसते 'हं' म्हणतेस, आणि एवढी वर्षे शाळेत संस्कृत शिकवूनही त्या 'हं'वर भाष्य करणे मला जमलेले नाही. म्हणून हे पत्र. आज्ञा पाळायची असल्याने संग्रामबद्दल काही लिहीत नाही. माझा हा धाकटा भाऊ आठ दिवसांसाठी म्हणून आला, त्याला आता तिसरी दिवाळी झाली, हेही लिहीत नाही. तुझी खोली अजून त्याच्याकडेच आहे आणि तुझे शिलाईचे मशीन अजून बाल्कनीत आहे, हे तर मुळीच लिहीत नाही.

मासे कुशल आहेत. शालू आपली लांब शेपटी शालूसारखीच मिरवत हॉलभर, म्हणजे टाकीभर, फिरते. बाकीच्या दोन गोल्डफिश तिच्या मागे करवल्यांसारख्या. जोशी दांपत्य (तुझे एंजल) अजून एकमेकांशी बोलतात; या इमारतीत एवढ्या वयाचे दुसरे जोडपे तसे करताना मला आढळलेले नाही. सकर मासा, आपला मुनी, काचेला तोंड लावून तपश्चर्येत आहे.

फेब्रुवारीत येऊन बघेन म्हणालीस. मासे नीट असले आणि घरात तुझ्यापुरती जागा झाली असली तर राहण्याचा विचार करशील, नाहीतर टाकी उचलून नेशील. अट स्पष्ट आहे. माझ्या बाजूने तयारी सुरू आहे, असे समज.

एक नवीन. काल रविवारी अर्नाळ्याला गेलो होतो. (पापलेट कोणाला आवडते, ते विचारू नकोस. तो विषय वर्ज्य आहे.) जाळी झाडून झाली होती आणि कृष्णाबाईच्या पाटीशेजारी वाळूत नको असलेल्या मासळीचा ढीग पडला होता. त्यात अंगठ्याएवढा एक मासा फुगून चेंडू झालेला, हिरवट पाठीवर काळे ठिपके, आणि डोळे असे, की शाळेत उशिरा आलेला मुलगा दारातून बघतो तसे. कृष्णाबाई म्हणाली, "मास्तर, त्यो केंड हाय. कुत्रा पन तोंड लावत नाय." मी तो पाण्याच्या बाटलीत घालून घरी आणला.

तू रागावण्यापूर्वी माझा युक्तिवाद ऐक. मत्स्यन्याय काय सांगतो? मोठा मासा लहान माशाला गिळतो. आपल्या टाकीत सगळ्यांत लहान कोण? हा. म्हणजे भय असलेच तर याला, बाकीच्यांना नाही. दोन हजार वर्षांचे शास्त्र माझ्या बाजूने आहे.

नावाचाही थोडा संबंध आहे. रमेश म्हणजे विष्णू, आणि मत्स्यावतार आमच्याच घराण्यातला.

तुझा,
रमेश


वसई, २ डिसेंबर

प्रिय विनया,

तुझे कार्ड पोचले. 'त्याला बाहेर काढा.' एवढेच तीन शब्द, खाली सहीसुद्धा नाही. सूत्रकार अर्धी मात्रा वाचली तरी पुत्रजन्माइतका आनंद मानतात म्हणे. तुझ्या घरी बारसे असणार.

पण तू त्याला पाहिलेले नाहीस. विनया, हा मासा माणूस ओळखतो. बाकीचे मासे हाताची सावली पाहून येतात, हा चेहरा पाहून येतो. एक डोळा माझ्याकडे आणि दुसरा खाण्याच्या डबीकडे, असे दोन डोळे दोन दिशांना फिरवतो. मी खोलीत शिरलो की काचेला नाक लावून सगळे अंग हलवतो. तुझ्या जोशी दांपत्याने इतक्या वर्षांत एकदाही माझी अशी दखल घेतलेली नाही. संग्रामने त्याचे नाव 'पाहुणा' ठेवले. (हे माशाबद्दल आहे, त्यामुळे नियमात बसते.) दोघांचे चांगले जमते. पाहुणा त्याच्या हातून कोळंबी खातो. संग्राम घरात असला की घरात हसणे असते, हे तूही नाकारायची नाहीस. पहिले वर्षभर तूच सर्वांत जास्त हसायचीस.

शालूच्या शेपटीची कड थोडी कातरल्यासारखी दिसते. वाईट नाही दिसत, झालर लावल्यासारखी वाटते. दोन करवल्यांपैकी एक दोन दिवस दिसली नाही. मुनीच्या मागे असावी. मुनीच्या मागे बरेच काही मावते.

पाहुण्याला मी कोणालाही चावताना पाहिलेले नाही. मी पाहतो तेव्हा तो माझ्याकडेच पाहत असतो.

खालच्या मजल्यावरच्या ज्युलीने नाताळचा कंदील लावला. वहिनी कधी येणार, असे तिने विचारले. फेब्रुवारीत, म्हणालो. ती 'बरं' म्हणाली आणि जरा जास्त वेळ माझ्याकडे बघत राहिली.

तुझा,
रमेश


वसई, १६ डिसेंबर

प्रिय विनया,

या वेळी तुझे पत्र चांगले पानभर आले. ते मी दोनदा वाचले; दुसऱ्यांदा, त्यात माझ्याबद्दल काही आहे का ते पाहायला.

तू लिहितेस: या माशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात. शिंपले-गोगलगायी फोडायला मिळाल्या नाहीत की तो जे मऊ आणि हळू असेल त्याचे तुकडे तोडतो: शेपट्या, पंख, डोळे. तो कोणाबरोबरही राहत नाही, आणि मुळात तो गोड्या पाण्याचा नाही, खाडीचा आहे. मेला तर लगेच काढा, कारण त्याच्या अंगात विष असते आणि बाकीच्यांनी त्याला तोंड लावले तर तेही जातील. 'त्याचा दोष नाही,' असे तू शेवटी लिहिलेस आणि तिथेच थांबलीस. वाक्याचा उरलेला भाग मी माझ्या मनात पूर्ण केला, तो बरोबर असावा.

तर कळवतो. ती करवली मुनीच्या मागे नव्हती. वार्धक्याने गेली असे मी तुला लिहिणार होतो, पण दुसरीही गेली आणि दोघींना एकदमच वार्धक्य आले हे तुला पटले नसते.

मी स्वस्थ बसलो नाही. लेस्टरच्या मासे-टाक्यांच्या दुकानातून काच कापून आणली आणि टाकीत मधोमध बसवली. अलीकडे पाहुणा, पलीकडे तुझे सगळे. शालूने दोन दिवसांनी प्रथमच खाल्ले. मलाही त्या दिवशी जेवण गेले.

दुसऱ्या दिवशी शाळेतून परत आलो तर काच स्वयंपाकघराच्या ओट्यावर, धुऊन, पुसून ठेवलेली. संग्राम म्हणाला, बिचारा दिवसभर त्या काचेवर डोके आपटत होता, मला बघवेना. मी काच पुन्हा उचलली. तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "दादा, घरात कोणाचं पटत नाही म्हणून मध्ये भिंत घालायची का? आपल्या आईने घातली असती?"

तुला त्याची ही हातोटी माहीत आहे. तो भांडत नाही. आईला मध्ये आणून ठेवतो आणि बाजूला होतो.

 मी काच कपाटाच्या मागे ठेवली. तिथेच आहे.

तुझा,
रमेश


वसई, ६ जानेवारी २०२५

प्रिय विनया,

नवीन वर्षाच्या शुभेच्छा, माशांच्या वतीने.

मी एक तोडगा काढला आहे आणि तो मला आवडला आहे, म्हणून तुला आधीच सावध करतो. तूच लिहिलेस की पाहुणा खाडीचा आहे, गोड्या पाण्यात त्याचा जीव त्रासतो. आणि त्रासलेला जीव चावतो, हे मला शाळेतल्या स्टाफरूमवरून ठाऊक आहे. म्हणजे त्याचा त्रास कमी झाला तर त्याचे चावणेही कमी होईल. आता आपल्या इमारतीत दोन नळ. एकाला महापालिकेचे गोडे पाणी, तेही दिवसाआड. दुसऱ्याला बोअरचे, त्याने चहा केला तर त्याची आमटी होते. तू टाकीला कायम पहिल्या नळाचे भरलेस. मी अर्धे नळाचे, अर्धे बोअरचे भरले, वर मूठभर खडेमीठ. मध्यम मार्ग. एकालाच सगळे सोसायला लावण्यापेक्षा सर्वांनी थोडे थोडे सोसावे.

हे वाक्य तुझ्या ओळखीचे आहे, मला माहीत आहे. तुझी खोली संग्रामला दिली त्या दिवशी मी ते प्रथम म्हणालो. तुला बँकेतून येऊन शिवायला बसायची जागा उरली नाही तेव्हा पुन्हा म्हणालो. नंतर बऱ्याचदा. सुभाषितासारखे झाले होते.

परिणाम कळवतो. पाहुणा टवटवीत झाला आहे. पाठीचे हिरवे उजळले, पोट दुधासारखे पांढरे. मुनी काल सकाळी काचेवरून सुटला आणि तळाशी उताणा पडला. मुनींनी समाधी घेतली, असे लिहिणार होतो. लिहून पाहिल्यावर फारसे विनोदी वाटत नाही.

जोशीबाई पाण्याच्या वरच्या थरात तिरकी तरंगते. जोशीबुवा तिच्या बाजूला उभे.

पत्र लिहिता लिहिता एक गोष्ट सारखी मनात येते. तू संध्याकाळी मला सांगायचीस, आज पुन्हा बोलला. मी विचारायचो, नेमके काय म्हणाला? तू नेमके सांगायचीस. भाजीत मीठ बेतानेच घाला वहिनी, दादाला आईच्या हातची सवय आहे. किंवा पाहुण्यांसमोर, आमच्या वहिनी घरात असल्या तरी बँकेतच असतात. नेमके सांगितले की ते इतके लहान वाटायचे, की मी म्हणायचो, बस, एवढंच? मग तू सांगणे सोडलेस.

शालूच्या शेपटीचे आता फक्त बूड उरले आहे. पण ती पोहते. ते मात्र खरे.

तुझा,
रमेश


वसई, २६ जानेवारी

प्रिय विनया,

नऊ फेब्रुवारीला, रविवारी, तू येतेस असे पत्र आले. मी ते खिशात घेऊन शाळेतल्या झेंडावंदनाला गेलो आणि राष्ट्रगीत चालू असताना आपोआप हसलो. मुख्याध्यापिकांनी पाहिले.

मधल्या दिवसांत दोन कामे केली, ती सांगतो. एक तुझ्या नियमात बसते, दुसरे बसत नाही. दुसरे आधी.

काळूराम आठवतो? माझा जुना विद्यार्थी. संस्कृतात सतत नापास, हल्ली वालीवला प्लास्टिकच्या बादल्या बनवतो आणि मला गुरुजी म्हणून नमस्कार करतो तेव्हा त्याच्या मोटारीच्या किल्ल्या माझ्या पायावर पडतात. त्याच्याकडे जाऊन मी संग्रामसाठी शब्द टाकला. त्याने लगेच नोकरी दिली, हिशेब बघायची, आणि कारखान्यावरच राहायला एक खोली. मी स्वतः संग्रामची बॅग भरली. तुझी खोली झाडली. मशीन बाल्कनीतून आत आणले आणि खिडकीपाशी, तुझ्या जागी, ठेवले. ही बातमी तुला तारेने कळवावी असे वाटले. पण तार बंद होऊन कितीतरी वर्षे झाली.

आठवडा पुरा व्हायच्या आत तो परत आला. ताप होता, खोटा नव्हता, मी हात लावून पाहिला. तिथे मशीनच्या आवाजाने झोप येत नाही म्हणाला. बॅग दारातच ठेवून उभा होता. आत यायच्या आधी त्याने मला विचारले, "दादा, तू तुझ्या तोंडाने 'जा' म्हण. मी पुन्हा या जिन्याला पाय लावणार नाही."

विनया, मी तोंड उघडले होते. शब्द एका अक्षराचा आहे. आठवीच्या मुलांकडून मी त्याच अर्थाचा संस्कृत धातू शंभरदा म्हणवून घेतला आहे.

मी म्हणालो, "आधी जेवून घे."

मशीन सध्या पुन्हा बाल्कनीत आहे.

आता नियमात बसणारे काम. दुसऱ्या दिवशी पाहुण्याला बरणीत घालून अर्नाळ्याला घेऊन गेलो. जिथून आणला तिथेच सोडायचा, असे ठरवून. किनाऱ्यावर बरणी उन्हात धरली तेव्हा त्याचे तोंड प्रथमच इतक्या जवळून पाहिले. तुझे खरे होते. मी त्याला रोज सोललेली कोळंबी दिली, फोडायला काही दिले नाही. दात वाढून एकमेकांवर आले आहेत, तोंड नीट मिटत नाही. खाडीत त्याला काही फोडून खाता यायचे नाही. माझ्या हातूनच तेवढे मऊ मिळेल. मी घोटाभर पाण्यात उभा राहिलो. कृष्णाबाईने लांबून पाहिले आणि म्हणाली, "सोड की मास्तर. तेचंच पानी हाय." मग मी हलेना हे पाहून तिने सुके बोंबील हवेत का विचारले. अर्धा किलो घेतले.

तो परत टाकीत आहे. बरणीतून सोडल्यावर आधी त्याने मला ओळखल्यासारखे अंग हलवले.

जोशी दांपत्य नाही. दोघे एका पाठोपाठ एक गेले, कोण आधी ते कळवत नाही.

शालू उत्तम आहे. तिची काळजी करू नकोस. तू येशील तेव्हा ती तुला दिसेल.

तुझा,
रमेश


वसई, ११ फेब्रुवारी

विनया,

परवा तू दाराच्या आत अर्धा तास होतीस. ते तुला ठाऊक आहे. त्याच्या आधीचे आणि नंतरचे तुला ठाऊक नाही, ते लिहितो.

शालू गेल्या महिन्यातच गेली होती. मागचे पत्र लिहिले त्याच्या आदल्या दिवशी. आधी एक डोळा गेला, मग ती एकाच बाजूने गोल गोल पोहायची. तुला लिहायला बसलो तेव्हा टाकीत पाहुण्याशिवाय कोणी नव्हते.

रविवारी सकाळी लेस्टरने दुकान चर्चहून आल्यावर उघडले, तोवर मी शटरपाशी उभा होतो. त्याच्याकडच्या सगळ्या गोल्डफिश पाहिल्या आणि शालूसारखी लांब शेपटीची, तशीच केशरी, डोक्यावर तसाच पांढरा डाग असलेली एक निवडली. लेस्टरने विचारले, सर, मोठी टाकी आहे ना, बरोबर कोण आहे? मी म्हणालो, कोणी नाही. तू येण्याआधी तासभर तिला सोडली. पाहुण्याला भरपूर खाऊ घातले, म्हणजे तेवढा वेळ तरी निघेल.

संग्रामला दुपारी बाहेर जा म्हणालो होतो. तो गेला नाही, उलट स्वयंपाक केला. वालाचे बिरडे, तुला आवडते म्हणून. तीन ताटे काढली.

तू चपला न काढता टाकीपाशी गेलीस. किती वेळ वाकून पाहत होतीस, मला वाटले तू हसशील. तू म्हणालीस, "ही शालू नाही."

मी काही बोलण्याच्या आत तू टाकीत बोट बुडवून जिभेला लावलेस. मग माझ्याकडे पाहिलेस. त्या पाहण्यात राग असता तर मी उत्तर शोधले असते.

"आणि हिलाही तुम्ही याच पाण्यात सोडलंत."

एवढेच. पिशवीतून पाण्याची बाटली काढलीस, बरोबर आणलेल्या डब्यात ओतलीस, त्या नव्या माशाला जाळीने हलकेच उचललेस. तिच्या शेपटीचा तासाभरात एक तुकडा कमी झाला होता. मी तो पाहिला नव्हता, तू पाहिलास. टाकी नेणार नाही म्हणालीस. मशीन कुठे आहे ते विचारले नाहीस. बाल्कनीचे दार उघडेच होते, तिथून ते दिसत होते. जिन्यात ज्युली भेटली, तिच्याशी मात्र तू थांबून बोललीस. मला वरून तुमचे आवाज ऐकू आले, शब्द नाही.

मी दार लावून घेतले. संग्राम स्वयंपाकघरातून हात पुसत आला. वहिनी जेवायला थांबणार होत्या ना, म्हणाला. मी म्हणालो, नाही.  त्याला खरेच वाईट वाटले होते, विनया, मी त्याला लहानपणापासून ओळखतो. मग तो बसला. तिसरे ताट आत नेऊन ठेवायला हवे होते, पण ते त्याला जवळ पडत होते. तुझ्याच ताटावर बसला.

बिरडे गरम होते. मी वाढले.

रमेश